सेंट्रिंगच्या फळ्यांचा विस्तव

बायपासवर हल्ली जिकडं बघावं तिकडं पाट्या लागल्या आहेत. चुलीवरची भाकरी, चुलीवरचं मटण, चुलीवरचा चहासुद्धा. गाड्या थांबतात, माणसं उतरतात, चुलीपुढं बसलेल्या बाईसोबत फोटो काढतात आणि धूर अंगावर आला की हसत हसत मागं सरकतात. ती बाई सरकत नाही. त्या पाट्या दिसल्या की माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते. गाडीत सोबत कुणी असलं तर मी बोलून दाखवते, नसलं तर एकटीच बडबडते. परवा एक मैत्रीण म्हणाली, "अगं, चुलीचा एवढा कसला राग? आपण सगळ्या चुलीपुढंच तर वाढलो." मी म्हटलं, चुलीचा राग नाही. चूल बिचारी, तिच्यात जे कोंबाल ते ती जाळते. राग माणसांचा आहे, आणि त्या माणसांत मीही येते.

कारण ती चूल मी पेटवायचे.

तेव्हा मी सतरा वर्षांची होते. गंगापूरकडचं आमचं गाव सोडून आम्हाला गारखेड्यात येऊन चार वर्षं झाली होती. बाबा एका कंपनीत लागले होते. गावाकडची शेती काका बघायचे. गारखेडा तेव्हा धड गाव नव्हतं, धड शहर नव्हतं. आमच्या दोन खोल्या विटांच्या, वर पत्रे, मागं दहा पावलांची मोकळी जागा. समोर ज्वारीचं रान होतं, त्यात एक दिवस चुन्याच्या रेघा मारल्या गेल्या आणि दोन वर्षांत तिथं तीन मजली इमारती उभ्या राहायला लागल्या. पाऊस मात्र त्याच दोन वर्षांत गायब झाला. आमच्याकडं प्यायला पाणी नाही आणि समोर सिमेंटवर पाइपनं पाणी मारणं चालू, हे मी रोज बघायचे. टँकर आठवड्यातून एकदा यायचा, कधी तोही नाही. त्या टँकरपुढं दोन कळशांवरून बायकांनी एकमेकींच्या झिंज्या उपटलेल्या मी पाहिल्या आहेत. एकदा त्यात आमची मायही होती. आईला आम्ही मायच म्हणायचो.

घरात गॅस होता, पण तो स्वयंपाकापुरता. अंघोळीचं पाणी मागच्या जागेतल्या चुलीवर. ती चूल पेटवणं माझ्याकडं आलं ते ताईच्या लग्नानंतर. ताई माझ्याहून चार वर्षांनी मोठी आणि कुठल्याही कामात हुशार. मी नव्हते. माय एका काडीत चूल पेटवायची. आधी कालची राख ओढायची, खाली तुरीच्या वाळक्या तुराट्यांचा बारीक चुरा, त्यावर पऱ्हाट्या आडव्या-उभ्या, मध्ये हात जाईल एवढी पोकळी, आणि मगच वरून जाड लाकूड. पऱ्हाट्या म्हणजे कापूस वेचून झाल्यावर उरलेली वाळकी झाडं. कापसाच्या भागातलं खरं जळण तेच. मी तेच सगळं तसंच करायचे आणि माझी चूल नुसती धुपायची. फुंकणीनं फुंकून फुंकून डोळ्यांपुढं अंधारी यायची. माय आतून ओरडायची, "काडेपेटीचा कारखाना काढायचा का तुझ्यासाठी? कितवी काडी आहे ही?" मी सहावी असली तरी तिसरी सांगायचे.

त्या उन्हाळ्यात ताई बाळंतपणाला आली. पहिलंच बाळंतपण, ते माहेरीच व्हायचं, यात बोलायला जागाच नव्हती. ताईचं सासर सोयगावकडचं. शेती मोठी, बाजारात दुकान, आणि माणसं बोलायला फटकळ. लग्नातच ताईची सासू चारचौघींत म्हणाली होती, "गाव सोडलेली माणसं. लेकीचं बाळंतपण काय पत्र्याखाली करतील का?" ते बाबांच्या कानावर गेलं होतं. ते त्यांनी कुणाला बोलून दाखवलं नाही, पण ताईला सातवा लागला तसे ते खोलीला चुना मारायला लागले, बाजेला नवी सुंभाची दोरी विणून घेतली आणि येता-जाता एकच म्हणायला लागले, "माझ्या पोरीच्या बाळंतपणात काही कमी पडलं नाही पाहिजे. काहीच."

काही कमी पडू नये म्हणजे काय, तर शेक. ज्यांनी हा प्रकार पाहिला नाही त्यांच्यासाठी सांगते. बाळंतिणीला रोज हंडाभर कडकडीत पाण्यानं न्हाऊ घालायचं, त्या पाण्यात कडुलिंबाचा पाला. मग तिला बाजेवर निजवायचं, बाजेखाली शेगडीत विस्तव ठेवायचा, त्यावर ओवा टाकायचा, दारं-खिडक्या लावून घ्यायच्या. बाळालाही तीच धुरी. वारं लागता कामा नये. हे सगळं सव्वा महिना. बाहेर वैशाख पेटलेला, वर पत्रा तापलेला, आणि खाली शेगडी. आज मी हे कुणाला सांगितलं तर लोक म्हणतात, पूर्वीच्या बायकांची हाडं त्यामुळंच मजबूत असायची. मी विचारते, तुम्ही किती वेळ बसला होता त्या खोलीत? मग ते विषय बदलतात.

मी तेव्हाच मायला म्हटलं होतं, पाणी गॅसवर तापवू. माय म्हणाली, "गॅसचं पाणी वरवर तापतं, हाडात जात नाय. बाळंतिणीला लाकडाचंच पाणी लागतं." न्हाऊ घालायला येणारी म्हातारी बाई होती, तिनंही मान डोलवली. ताई काहीच बोलली नाही. ताईला विचारलंही नव्हतं.

ताईला मुलगा झाला. तिसऱ्या दिवशी दवाखान्यातून घरी आणलं. गोरं, मऊ, आवाजाला खणखणीत पोर. बाबा त्याला हातात घ्यायला घाबरायचे, दुरूनच बघायचे आणि बाहेर जाऊन उगाच शेजाऱ्यांशी पावसापाण्याचं बोलायचे.

पाचव्या दिवशी जळण संपलं.

दरवर्षी बाबा गावाकडून पऱ्हाट्यांचे भारे एसटीच्या टपावर टाकून आणायचे. त्या वर्षी कापूसच उगवला नाही, तर पऱ्हाट्या कुठून येणार? गोवऱ्याही नव्हत्या, कारण काकांनी जनावरं चारा छावणीवर नेऊन बांधली होती. बाबा गावाला जाऊन रिकाम्या हातानं परत आले. काका म्हणाले होते, "जळणाचं काय विचारता दादा, बांधावरच्या बाभळी तोडून झाल्या. आता घराच्या आढ्याकडं नजर जाती." वखारीत गेले, तर वखारवाल्यानं ओली लाकडं दाखवली, तीही उद्या-परवा मिळतील म्हणाला. बाळंतिणीचं न्हाणं उद्या-परवावर ढकलता येत नाही. आणि बाराव्या दिवशी बारसं. त्याला सोयगावहून सगळे येणार होते.

सहाव्या दिवशी सकाळी मी उठले तर मागच्या जागेत फळ्यांचा ढीग. समोरच्या इमारतीच्या कामावरून बाबांनी आणल्या होत्या. तिथला वॉचमन त्यांच्या ओळखीचा झाला होता. तो म्हणाला होता, "ले जाव काका, ये पट्ट्या अब काम की नहीं." स्लॅब भरताना खाली ज्या फळ्या लावतात, त्या सेंट्रिंगच्या फळ्या. वापरून वापरून फाटलेल्या, कडेला सिमेंट चिकटलेलं, आणि जळक्या ऑईलनं काळ्याभोर झालेल्या. सिमेंट फळीला धरू नये म्हणून गाडीच्या इंजिनातून काढलेलं वापरलेलं ऑईल त्यांना फासतात. ते वर्षभर फासून फासून लाकडात मुरलेलं होतं.

बाबा पायरीवर बसून हातोडीनं त्यातले खिळे काढत होते. एकेक खिळा उपटायचा, दगडावर ठेवून सरळ करायचा, डब्यात टाकायचा. तासभर ते तेच करत होते. मला बघून म्हणाले, "तुझ्या हाताला लागंल म्हणून काढतोय. बघ, कसं वाळकं लाकूड आहे."

त्या माणसानं माझ्या हाताला खिळा लागू नये म्हणून तासभर उन्हात बसून खिळे काढले, हे मी विसरत नाही. म्हणूनच माझा राग धड जळत नाही आणि धड विझत नाही. ते निष्काळजी असते तर बरं झालं असतं. मला त्यांना सरळ शिव्या देता आल्या असत्या.

मी राख ओढली, दोन फळ्या फोडून ढलप्या काढल्या, खाली रचल्या, आणि काडी लावली.

भस्सकन पेटली! एका काडीत. फुंकणीला हातही लावावा लागला नाही. निळसर जाळ ढलपीवरून सरसर पळत गेला आणि हंड्याच्या बुडाला भिडला. मी अक्षरशः टाळी वाजवली. माय दारात आली, बघितलं, आणि म्हणाली, "आली की गं माझ्या पोरीला चूल!" मला त्या दिवशी पहिल्यांदा वाटलं की या घरात माझ्याही हाताला काही येतं. पाणी अर्ध्या वेळात उकळलं. न्हाऊ घालणारी म्हातारीसुद्धा म्हणाली, "लई झकास जाळ आहे, बाई."

लाकूड एवढं सहज का पेटलं, हा प्रश्न मला पडला नाही. कुणालाच पडला नाही. पडायला हवा होता तो तोच एक प्रश्न.

गोवऱ्या नव्हत्या, म्हणून शेगडीतही त्याच फळ्यांचे निखारे जायला लागले. चुलीतून चिमट्यानं उचलायचे, शेगडीत भरायचे, आत न्यायचे, बाजेखाली सरकवायचे, वर ओवा भुरभुरायचा. हेही माझंच काम. निखारे नीट फुललेले नसायचे, कारण म्हातारी घाई करायची. अर्धवट जळालेले, कडेनं काळा धूर सोडणारे तुकडे मी माझ्या हातानं नेऊन ताईच्या आणि बाळाच्या खाली ठेवले, आणि बाहेर पडताना माझ्याच हातानं दार लावून घेतलं.

आठव्या दिवशी मला कळलं. खोलीच्या चुन्यावर, बाजेच्या वरच्या बाजूला, काळा पट्टा उमटला होता. मी बोट फिरवलं तर बोट चिकट झालं. लाकडाची काजळी कोरडी असते, फुंकली की उडते. ही पुसून जाईना. बोटाला वास घेतला तर समोरच्या गॅरेजमध्ये येतो तसा वास. ताई खोकत होती. बाळ दूध पिताना मध्येच थांबून धापा टाकत होतं.

मी मायला बोट दाखवलं. माय म्हणाली, "धूर म्हटल्यावर काळं होणारच." बाबांना म्हटलं, या फळ्यांना ऑईल आहे, आत नको जाळायला. बाबांचा चेहरा एकदम उतरला आणि मग तापला. "तू लई शहाणी झालीस. जा मग, आण कुठून आणायचं ते लाकूड. मी डोक्यावर वाहून आणलंय ते वाईट दिसतंय तुला?" मी गप्प बसले. आता लिहायचंच आहे तर खरं लिहिते. मी नुसती गप्प बसले नाही. नवव्या दिवशी सकाळी मी चूल पेटवली. दहाव्या दिवशीही पेटवली, अकराव्यालाही. त्याच फळ्या, एक काडी. मला कळलं होतं आणि मी पेटवत होते. बाबांचा राग नको म्हणून, मायचं कौतुक जायला नको म्हणून, आणि मोठ्या माणसांना माहीत असेलच, असं स्वतःला बजावत.

अकराव्या दिवशी सकाळी मी शेगडी घेऊन आत गेले तेव्हा बाळ रडत नव्हतं. त्याचा श्वास ऐकू येत होता. आत घेताना बारीक शिट्टीसारखा आवाज, बरगड्यांखाली खड्डा पडत होता, आणि ओठांभोवती निळसर झाक. ताई त्याच्याकडं बघत बसली होती, मांडीवर घेऊन, तोंडाला कुलूप. म्हातारी म्हणाली, "पोटात धरलंय त्याच्या. काल बाळंतिणीनं पाणी जास्त प्यालं असंल. ओवा वाढवा आज." माय माझ्याकडं वळून म्हणाली, "ठेव ना शेगडी. काय उभी राहिलीस येड्यावाणी?"

मी शेगडी ठेवली. मग बाहेर गेले, पिंप उघडलं आणि बादली भरून घेतली. टँकर चार दिवसांपूर्वी आला होता, पिंपात तळाशी हातभर पाणी उरलं होतं. ते सगळ्यांचं प्यायचं. ती बादली मी आत आणली, शेगडी बाजेखालून बाहेर ओढली आणि तिच्यावर उपडी केली.

जो काही आवाज झाला आणि जी वाफ उठली, त्यात मला कुणी दिसेनासं झालं. मग मायचा हात माझ्या गालावर पडला. एकदा, दोनदा, तिसऱ्यांदा. "विस्तवावर पाणी घालतेस? बाळंतिणीच्या खोलीत? आणि प्यायचं पाणी? कुठं फेडशील हे!" आमच्याकडं विस्तव पाण्यानं विझवत नाहीत. राखेनं झाकतात, दडपून ठेवतात. पाणी ओततात ते एकाच ठिकाणी, मसणात. मला ते माहीत होतं. मी दार उघडलं, खिडकी उघडली. माय दार लावायला धावली, तेवढ्यात मी ताईच्या मांडीवरून बाळ उचललं आणि चालायला लागले.

अनवाणी. डांबर तापायला लागलं होतं. बाराव्याच्या आत बाळ उंबऱ्याबाहेर काढत नाहीत, तेही मी काढलं. कोपऱ्यावरच्या डॉक्टरांचा दवाखाना पाच मिनिटांवर होता, पण मला तो रस्ता संपेना. मागून माय ओरडत येत होती, तिच्यामागं बाबा. लोक दारात येऊन बघत होते. मी खाली बघायचे ते फक्त बाळाची छाती हलते का एवढंच.

डॉक्टरांनी नळी लावून ऐकलं आणि तोंड गंभीर केलं. म्हणाले, "घरात धूर होतो का? काय जाळता?"

बाबा तोवर पोचले होते. दम लागलेला, सदऱ्याची बटणं वरखाली. ते म्हणाले, "नाही साहेब. गॅस आहे आपल्याकडं."

मी बाबांकडं बघितलं. ते डॉक्टरांकडंच बघत होते. पोराचा श्वास कोंडलाय आणि हा माणूस अजून सोयगावच्या लोकांना तोंड देतोय, हे मला त्या क्षणी कळलं. इतका राग मला आयुष्यात पुन्हा कधी आला नाही.

"चूल आहे," मी म्हटलं. "सेंट्रिंगच्या फळ्या जाळतो. ऑईलच्या. त्याचीच शेगडी बाळाखाली ठेवतो. सहा दिवस झाले."

डॉक्टरांनी हातातलं पेन खाली ठेवलं. चिठ्ठी लिहिली आणि रिक्षानं ताबडतोब मोठ्या दवाखान्यात जायला सांगितलं. तिथं बाळ नऊ दिवस काचेच्या पेटीत होतं. जगलं.

बारसं झालं नाही. सोयगावहून ताईची सासू आली ती सरळ दवाखान्यात. व्हरांड्यात बाकावर मी, माय आणि बाबा बसलो होतो. तिनं विचारलं, "काय झालं माझ्या नातवाला?"

बाबा खाली बघत म्हणाले, "धाकटीनं येडेपणा केला. शेगडीवर पाणी ओतलं आणि बाळाला वाऱ्यात घेऊन गेली. वारं लागलं."

माय म्हणाली, "व्हय. पोरबुद्धी."

मी तोंड उघडलं, पण मायनं माझ्या मांडीवर हात ठेवून दाबला. तो हात विनवणीचा होता. मारणारा असता तर मी बोलले असते.

घरी परतल्यावर बाबांनी उरलेल्या फळ्या परत समोर नेऊन टाकल्या. वखारीतून लाकडं आली. चूल मायनं पेटवायला घेतली ती पुढं कायमची. मला त्या कामातून काढून टाकलं गेलं, आणि ते सगळ्यांना रीतसर वाटलं, कारण चुलीवर पाणी ओतणाऱ्या पोरीच्या हातात चूल कोण देणार?

त्यानंतर ही गोष्ट आमच्या घरात राहायला आली. माझ्या लग्नाच्या बोलण्यात ती निघाली. माझी पहिली नोकरी लागली तेव्हा मामी हसत म्हणाली, "शाळेत तरी पाणी ओतू नको गं कशावर." दिवाळीला, लग्नांत, तेराव्याला, चार नातेवाईक जमले की कुणीतरी सुरू करायचं, मग माझ्या चालण्याची नक्कल, मायच्या ओरडण्याची नक्कल. फळ्या त्या गोष्टीतून कधीच गळून गेल्या होत्या. मी एकदा-दोनदा सांगायला गेले तर म्हणाले, "झालं गेलं, आता कशाला मनावर घेतेस? गंमत आहे." बाबा समोर असले की मी बोलत नसे. बाबा म्हातारे झाले, मग गेले. मायही गेली. ताई प्रत्येक वेळी तिथं असायची. पानाला चुना लावत, कुणाचं मूल थोपटत. हसायची नाही, पण सांगायचीही नाही. मी धरून चालले होते की तिला माहीतच नाही. दार लावलेल्या खोलीत, ओल्या बाळंतिणीला कसलं भान असणार? तेवढ्यावर मी तिच्याशी इतकी वर्षं प्रेमानं वागले. मनापासून.

ते बाळ आता पस्तिशी ओलांडलेला माणूस आहे. उंच, बोलका, गारखेड्यातच फ्लॅट घेऊन राहतो. खिशात दम्याचा पंप असतो. जिना चढला की थांबून दोनदा ओढतो. लहानपणापासून त्याचा प्रत्येक हिवाळा दवाखान्यात गेला, सैन्यात जायचं होतं ते राहिलं. मागच्या महिन्यात त्याला मुलगी झाली. बारशाला आम्ही सगळे जमलो. पाळणा झाला, घुगऱ्या वाटून झाल्या, पुरुषांची जेवणं उरकली आणि आम्ही घरातलीच माणसं हॉलमध्ये सतरंजीवर बसलो. ताईच्या मांडीवर नात होती. भाचा सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "मावशी, हिच्याजवळ पाण्याची बादली घेऊन येऊ नका हं. माझा शेक तुम्ही अर्ध्यावर मोडलात, म्हणून आयुष्यभर हा पंप ओढतोय."

सगळे हसले. त्याची बायकोही हसली, नव्यानं ऐकणाऱ्या माणसासारखी, पुढं काय म्हणून माझ्याकडं बघत.

मी सांगितलं. आवाज चढवला नाही, पण सगळं सांगितलं. पऱ्हाट्या नव्हत्या ते, फळ्या कुठून आल्या ते, ऑईल, चिकट काजळी, मी कळूनही तीन दिवस पेटवत राहिले ते, त्याचे निळे ओठ, डॉक्टरांपुढं त्याचे आजोबा काय बोलले ते. भाच्याचा चेहरा हसता हसता तसाच राहून गेला होता. मी थांबल्यावर त्यानं माझ्याकडं नाही, ताईकडं बघितलं.

"आई, हे खरं आहे का? तुला माहीत होतं?"

ताई नातीच्या डोक्यावरचं टोपरं सारखं करत होती. म्हणाली, "वास येत होता."

"कधीपासून?"

"दुसऱ्या दिवशीच आला मला. रॉकेलसारखा नाय, जडसर वास. घशात बसायचा."

मला कानांवर विश्वास बसेना. मी म्हटलं, "ताई, मग बोलली का नाहीस?"

"बाबांनी डोक्यावर वाहून आणल्या होत्या," ताई म्हणाली. "माहेरी बाळंतपणाला आलेल्या लेकीनं बापाच्या जळणाला नावं ठेवायची का? सासरी कळलं असतं तर काय राहिलं असतं बाबांचं? आणि नंतर तू बोललीस ना. एकजण वाईट झाली होती. मी कशाला अजून व्हायचं?"

एवढं बोलून ती नेहमीसारखी बसली. तिच्या लेखी विषय संपला होता. मी ताडकन उठणार होते, चपला घालून निघून जाणार होते. पण भाचा बोलायला लागला म्हणून थांबले. तो बोटांवर हिशोब करत होता, अगदी हळू, शाळेतल्या मुलासारखा.

"सहाव्या दिवशी फळ्या आल्या. दुसरा दिवस म्हणजे सातवा. आणि मावशीनं पाणी ओतलं ते अकराव्याला." त्यानं मान वर केली. "म्हणजे वास आल्यावर अजून चार दिवस मी तुझ्या मांडीवर होतो, आई."

ताईनं मान हलवली. हो म्हणून.

त्यानं वाकून तिच्या मांडीवरून आपली मुलगी उचलून घेतली.